पंप हृदयाला, धोका पोटावर

हृदय पार थकले आणि प्रत्यारोपणासाठी दुसरे मिळत नसले, की काही रुग्णांना 'एलव्हीएडी' या यांत्रिक पंपाचा आधार दिला जातो. हृदयाच्या डाव्या कप्प्यातले रक्त ओढून तो महाधमनीत ढकलतो. भारतात तो मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत बसवला जातो. रुग्ण मात्र शेवटी आपल्या गावी परततो. ते गाव धाराशिव जिल्ह्यातले माकणीही असू शकते.

पंपाला वीज लागते. ती पोटाच्या त्वचेतून बाहेर काढलेल्या वायरीतून, कमरेच्या बॅटऱ्यांवरून मिळते. वायर आहे तोवर ते छिद्र बुजत नाही आणि जंतूंना वाट राहते. एक हिसका बसला, तरी भरलेली जखम पुन्हा उघडते.

अमेरिकेत १२९ रुग्णांवर झालेल्या 'रीमॅच' अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. वर्षभरानंतर पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के रुग्ण जिवंत होते. पण पंप बसवलेल्यांत झालेल्या ४१ मृत्यूंपैकी १७ मृत्यू रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने झाले. पुढे पंप लहान झाले, सुधारले. पोटावरची वायर मात्र राहिलीच.

जंतू पंपावर चिकट थर करून बसले, की प्रतिजैविके तिथवर नीट पोचत नाहीत. मग महिनोन्‌महिने औषधे, कधी पंपच बदलणे. म्हणून वायरीभोवती लाली, पू, दुखणे किंवा ताप दिसताच पंप बसवलेल्या रुग्णालयाला कळवावे. गावात अंदाजाने इंजेक्शन घेऊ नये. आधी पू तपासणीला जावा, नाहीतर जंतू ओळखणे अवघड होते. शिवाय काही प्रतिजैविकांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

चर्चा होते ती पंपाच्या किमतीची. ड्रेसिंग कोण करणार, निर्जंतुक साहित्य कुठून येणार, हे कोणी विचारत नाही. घरातील दोघांना हात धुण्यापासून वायर पट्ट्याने बांधण्यापर्यंत सारे शिकवून, त्यांच्याकडून करवून घेतल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही आधीच लेखी कळवावे; अशा रुग्णाची नाडी अनेकदा हाताला लागत नाही, हेसुद्धा. ही तयारी होणार नसेल, तर शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे म्हणण्याची घाई करू नये. पंप शहरात बसतो. तो टिकतो घरच्या ड्रेसिंगवर.