आपल्याच्याने काय होणार?

मनुष्याच्या तोंडी जे वाक्य वारंवार येते ते काही काळाने त्याचे मत बनते, आणि मत मुरले म्हणजे तोच त्याचा स्वभाव होऊन बसतो. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या मोंढ्यात घटकाभर उभे राहून जो कोणी संभाषणे ऐकेल, त्याच्या कानी असे एक वाक्य हटकून पडेल: “जाऊ द्या हो, आपल्याच्याने काय होणार?” नळाला पाणी आले नाही, कचेरीतून दाखला मिळाला नाही, मुलगा परीक्षेत मागे पडला, सोयाबीनचा भाव उतरला, प्रसंग कोणताही असो, समारोप हाच. हे वाक्य दिसावयास सालस आहे. तथापि अवर्षणाने या प्रांताचे जे नुकसान केले त्याहून या वाक्याने केलेले नुकसान कमी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे; आणि ते सकारण मांडावे, एवढाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्रासिकपणा हा केवळ मनाचा दुबळेपणा असून माणसाने हसतमुख राहिले म्हणजे सर्व काही ठीक होते, असा उपदेश करणाऱ्या पंथातले आम्ही नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्यापूर्वी मार्चमध्येच, पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून, जिल्हाधिकाऱ्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू करावे लागले होते. दंग्याधोप्यासाठी योजलेला हुकूम ज्या शहरी घागरींच्या रांगेस लावण्याची पाळी आली, तेथील गृहिणीस ‘चित्त शांत ठेवा’ एवढेच सांगणे म्हणजे तिची थट्टा करणे होय. तिचा संताप सर्वस्वी रास्त होता. विचार करावयाचा तो इतकाच की, असा रास्त संताप पुढे जातो कोठे?

बहुधा तो घरी जातो. कचेरीत चार तास तिष्ठलेला गृहस्थ कारकुनास काही बोलत नाही. तो घरी येऊन बायकोवर खेकसतो आणि पोराच्या पाठीत धपाटा घालतो. बाजारात नुकसान सोसलेला आडत्या दिवाणजीवर आग पाखडतो, आणि दिवाणजी हमालावर. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचा हा व्यवहार आमच्याकडे इतका रूढ आहे की, त्यात कोणास वावगे वाटेनासे झाले आहे. आणि अशा रीतीने सारा जोर भलतीकडे खर्च झाला म्हणजे मूळ गाऱ्हाण्यासाठी शिल्लक काय राहते? तेच एक वाक्य!

ही हताश वृत्ती आमच्या रक्तातच आहे काय? इतिहास तसे सांगत नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, पण तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. नांदेडच्या मराठी मुलास आपल्या बुद्धीविषयी संशय येई तो विषय अवघड म्हणून नव्हे, तर भाषा परकी म्हणून. परंतु ‘माझ्या डोक्यातच काही शिरत नाही’ असाच त्या बिचाऱ्याचा समज होई. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या सरकारी फर्मानाने परवानगीवाचून सभा भरविण्यास बंदी होती. चार माणसांनी जमून आपले दुःख मोठ्याने बोलणे हाच जेथे अपराध, तेथे ते मनातल्या मनात गिळण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागली, यात नवल ते काय? १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य गेले. परंतु राज्य एका दिवसात जाते, सवय जात नाही. पुढे १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष आकड्यांनिशी मांडला. तो अनुशेष रस्त्यांचा, सिंचनाचा, शाळांचा व दवाखान्यांचा होता. आम्ही मात्र ‘मागास’ हा जो शब्द सरकारी खर्चास लावावयाचा, तो आपल्या मुलांच्या मेंदूस लावून मोकळे झालो.

या मनःस्थितीची शास्त्रीय परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेत मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण ते थांबविण्याची सोय त्यांच्या हाती ठेवली. काहींना तितकेच झटके दिले, पण सोय मुळीच ठेवली नाही. मग सर्वांना अशा पेटीत ठेवले की, मधली ठेंगणी आडभिंत ओलांडताच सुटका व्हावी. पहिल्या गटातील कुत्री उडी मारून निघून गेली; दुसऱ्यातील बहुतेक जागीच पडून झटके सोशीत राहिली. पुढे त्यांना दोरीने ओढून वारंवार पलीकडे नेले, तेव्हा कोठे ती आपण होऊन उडी मारू लागली. त्याच दोघा शास्त्रज्ञांनी २०१६ साली आपल्या सिद्धांतात दुरुस्ती केली. दीर्घकाळ छळ झाला असता गप्प पडून राहणे ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. ‘इलाज माझ्या हाती आहे’ ही जाणीव मात्र शिकावी लागते, असे ते आता म्हणतात. यातून आम्हांस दोन बोध घेता येतात. हताश माणूस हा नादान नव्हे. त्यास हिंमत शिकण्याची संधी मिळाली नाही. आणि ही हिंमत व्याख्यानाने येत नाही. एकदा प्रत्यक्ष आडभिंत ओलांडली म्हणजे येते.

ती ओलांडलेली माणसे आमच्याच मातीत झाली. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. निजाम सरकारने बंदी घातली तेव्हा ते नाव बदलून पुनः निघाले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले होते. ‘आपल्याच्याने काय होणार’ असे म्हणण्यास त्यांच्याइतका कागदोपत्री पुरावा दुसऱ्या कोणापाशी होता? तरी त्यांनी वाचन सोडले नाही, आणि पुढे त्यांचे विचार ऐकण्यासाठी महाराष्ट्र कान टवकारून बसू लागला. ज्या २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी आले, त्याच साली तेथील नागरिकांनी ‘जलयुक्त लातूर’ या नावाने एकत्र येऊन, वर्गणी जमवून, मांजरेच्या पात्रातील गाळ उपसण्यास हात घातला. तेवढ्याने लातूरचा पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला असे नव्हे. परंतु रांगेत भांडणारी माणसे नदीपात्रात एकत्र उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

आता व्यवहाराचे बोलू. व्यापाऱ्याने जशा दोन वह्या ठेवाव्या, तशी रोजच्या त्रासाची वाटणी दोन सदरांत करावी. पहिल्या सदरात ज्यांवर इलाज आहे अशी गाऱ्हाणी घालावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला आहे. त्याखालील अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. त्यावर दुसरे अपील आणि शेवटी आयोग आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून असून त्यात उत्तरासाठी सामान्यतः ३० दिवसांची मर्यादा आहे. अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी, तारीख टिपून ठेवावी. खेकसण्यास जितके श्रम पडतात त्याहून याला अधिक पडत नाहीत. आणि पहिला दाखला अशा रीतीने हाती आला की, आडभिंत ओलांडल्याचा अनुभव त्या माणसास मिळतो.

दुसरे सदर स्वतःविरुद्धच्या आरोपांचे. ‘मला इंग्रजी येणे शक्य नाही’, ‘आमच्या घराण्यात धंदा कोणाला साधलाच नाही’, ‘मी नेहमीच फसतो’. न्यायालयात विधान करणाऱ्यावर शाबितीचा बोजा असतो, आणि ऐकीव पुरावा सहसा ग्राह्य धरीत नाहीत. मनाच्या कोर्टातही तोच नियम लावावा. ‘नेहमी’ म्हणजे किती वेळा? प्रसंग मोजून सांगावेत. ‘शक्य नाही’ हे ठरविले कोणी? स्वतः यत्न करून पाहिला, की लहानपणी मास्तर रागाच्या भरात बोलले तेच आजवर धरून ठेवले? अशी उलटतपासणी सुरू झाली की, दहांपैकी बरेच साक्षीदार पळून जातात. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती आरंभिली, तिचे मर्म हेच आहे: माणूस घटनेने जितका अस्वस्थ होतो त्याहून तिच्याविषयीच्या आपल्या समजुतीने अधिक होतो, सबब त्या समजुतीस पुरावा विचारावा. आणि चौकशीअंती एखादा आरोप खरा ठरलाच, तर तो मान्य करून सुधारणेस लागावे. एका दोषाबद्दल जन्मठेप देण्याचा अधिकार मात्र मनाच्या कोर्टास नाही.

हा सर्व प्रपंच ज्यांच्यासाठी सर्वांत अगत्याचा, ती आमची मुले होत. ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यापाड्यांतील मुलांच्या बुद्धीविषयीचा जुना संशय खोटा पाडला, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु त्याच लातुरात व नांदेडात आज दुसरा संशय वाढीस लागला आहे: जो डॉक्टर झाला नाही तो फुकट गेला! अंकगणित पाहा. २०२४ साली नीट परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि देशातील एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे वीस मुलांमागे जागा एक. उरलेली एकोणीस मुले नालायक होती असे कोणता विचारी बाप म्हणेल? जागा कमी होत्या, एवढेच त्यावरून सिद्ध होते. तेव्हा शेत गहाण टाकून खोलीभाडे भरणाऱ्या पालकांस आमची विनंती आहे की, निकालाच्या दिवशी मुलास पहिला प्रश्न ‘किती गुण?’ हा न विचारता ‘जेवलास का?’ हा विचारावा. मूल अबोल झाले, झोप उडाली, जीव नकोसा झाला असे बोलू लागले, तर उपदेश न करता तज्ज्ञाकडे न्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून उपलब्ध आहे. तापाला वैद्य बोलावण्यात जर लाज नाही, तर येथेच ती का असावी?

कोणी आक्षेप घेईल की, लोकांना आपापले मन तपासावयास लावणे म्हणजे सरकारला जबाबदारीतून मोकळे सोडणे होय. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ज्याचा स्वतःवर भरवसा नाही तो अपील करीत नाही, सभेस जात नाही, आणि मत देतानाही ‘सगळे सारखेच’ म्हणून स्वस्थ बसतो. अशा रयतेइतकी सोयीची रयत कोणत्याही सरकारास दुसरी नाही. अनुशेषाची बाकी जर वसूल करावयाची असेल, तर ती मागणारा धनको ताठ उभा असला पाहिजे.

म्हणून पुढच्या वेळी ते वाक्य ओठांवर आले की, वाचकांनी त्यातला एकच शब्द बदलून पाहावा. ‘आपल्याच्याने काय होणार?’ असे न म्हणता ‘आपल्याच्याने काय होईल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नास उत्तर नको असते. दुसऱ्यास द्यावे लागते. आणि ते उत्तर कागदावर उतरवून, त्यातले पहिले काम त्याच दिवशी दिवेलागणीपूर्वी करावे.