दाबलं की झालं!

गेल्या रविवारी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना अॅनालॉग ऑसिलोस्कोप लोकलमध्ये मांडीवर घेऊन घरी आणला. २० मेगाहर्ट्झ, दोन चॅनेल, वय बहुधा माझ्याहून जास्त. साडेतीन हजार रुपये. मित्र बघून म्हणाला, "भंगार कशाला उचललंस? नवा डिजिटल घे, त्यात ऑटोसेटचं बटण असतं. दाबलं की झालं!"

मला नेमका त्या 'दाबलं की झालं'चाच राग आहे.

आपण डिग्री अशीच तर मिळवली. लॅबमध्ये एका स्कोपभोवती सहा जण. एक नॉब फिरवणार, पाच जण सीनियरच्या जर्नलमधून वेव्हफॉर्म उतरवणार. मी त्या पाचांतला. डिस्टिंक्शन, बरं का! आणि रविवारी स्कोप चालू केला तर पडद्यावर काळोख. विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. चूक त्याची नव्हतीच. ट्रिगर 'नॉर्मल'वर होता, आणि सिग्नल नसताना नॉर्मलवर रेघ उमटत नाही, एवढंही या इंजिनिअरला ठाऊक नव्हतं.

तर सुरुवात अशी करा. इनपुट ग्राउंडवर, ट्रिगर ऑटोवर (हे ऑटो वेगळं, ते नुसती रेघ दाखवतं, तुमच्या वाटचा विचार करत नाही), पोझिशनचे नॉब मधोमध. रेघ दिसली की ब्राइटनेस उतरवा, एका जागी थांबलेला प्रखर ठिपका पडदा कायमचा जाळतो. मग इनपुट डीसीवर, प्रोब १०एक्सवर घेऊन कॅलच्या टोकाला लावा. चौकोनी वेव्हचे कोपरे गोलसर किंवा टोकदार दिसले तर प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवून माथा सपाट करा. हे न करता घेतलेलं रीडिंग म्हणजे पुन्हा जर्नलच.

आणि एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नका. प्रोबची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती मेन्सच्या बाजूला लावलीत तर भडका. उपाय म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग आहेत. मग स्कोपची अख्खी बॉडीच लाइव्ह होऊ शकते. झाकणही उघडू नका. आत हजारांत व्होल्टेज असतं, आणि बंद केल्यावरही ते काही काळ राहू शकतं.

एकदाच येऊन जाणारा पल्स पकडायला डिजिटलच हवा, मान्य. पण सॅम्पलिंग कमी पडलं की तोच डिजिटल एखादा वेगवान सिग्नल छान संथ वेव्ह म्हणून दाखवतो. हे खोटं ओळखायला टाइमबेस आणि ट्रिगर हाताला माहीत हवेत. बटण दाबणारा स्क्रीनशॉट काढून मोकळा होतो.

आठवडाभर आपण लॉग वाचतो. लॉगमध्ये तेवढंच दिसतं, जेवढं कुणीतरी छापायचं ठरवलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी तासभर तरी न छापलेलं काही बघा की!

असो. माझं जर्नल मागू नका. ते उतरवलेलंच आहे.