गवार लावा, पण भाव आधी लिहून घ्या



"गवार लावा, तेल कंपन्या सोन्याच्या भावात घेतात" असा मेसेज सध्या आपल्या ग्रुपवर फिरतोय. खाली बियाणंवाल्याचा नंबर असतोच. यावर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

मेसेज अगदीच खोटा नाही. तेलाची विहीर पाडताना पाइपातून पाणी आणि बेंटोनाइट मातीचा रबडा आत सोडतात. तो ड्रिलचं टोक थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो, भोकाची भिंत ढासळू देत नाही. नुसतं पाणी असेल तर चुरा तळाला बसतो आणि पाणी खडकात जिरतं. म्हणून दाटपणासाठी मक्याचा, बटाट्याचा स्टार्च घालतात, तसाच आपल्या गवारीचा गम. दाण्याचा साधारण तिसरा हिस्सा गमचा, बाकीची चुरी-कोरमा जनावरांना. फार खोल गेलं की उष्णतेनं गम फुटतो, तिथं दुसरी द्रव्यं लागतात. पण अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढायला लागले, तेव्हा भेगांत वाळू वाहून न्यायला याच गमची प्रचंड मागणी आली.

मग झालं काय? दोन-अडीच हजार क्विंटलची गवार २०१२ साली तीस हजारांच्या घरात गेली. वायदे बाजार बंद करावा लागला. पुढच्या हंगामात ज्याला त्याला गवार पेरायची घाई. तोवर कंपन्यांनी पर्याय शोधले, २०१४ नंतर तेलही पडलं, आणि गवार तीन-चार हजारांवर येऊन बसली. ज्यांनी महाग बियाणं घेतलं त्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

माझा पिकाला विरोध नाही. कडधान्यवर्गातलं पीक आहे, मुळांच्या गाठी नत्र धरतात, कमी पाण्यात तीन-चार महिन्यांत येतं. कोरडवाहूला चांगलंच आहे. पण हे घेणाऱ्या गिरण्या जास्त करून जोधपूर-बिकानेरकडं. आपल्या मोंढ्यात गमच्या गवारीला गिऱ्हाईक कोण? गाडीभाडं कोण देणार? आणि भाजीची गवार वेगळी, गमची वेगळी. एचजी ३६५, आरजीसी ९३६ असे वाण गमसाठी असतात. भाजीचं बियाणं गमचं म्हणून गळ्यात पडलं तर ओरडून उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खरेदीची हमी देणाऱ्याकडून भाव, वजनाची जागा आणि पैसे कधी मिळणार, हे सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. तो कां-कूं करत असेल तर तो बियाणं विकायला आलाय, माल घ्यायला नाही. हौस असेल तर एखादा एकर करून बघा, तूर-सोयाबीन मोडून पाच एकर करू नका. अमेरिकेतलं तेल कधी पडेल ते आपल्याला कळत नाही, पण सोसायटीचा हप्ता कधी आहे ते पक्कं माहीत असतं.