पडद्यावरचे मिग-२१

वाचकहो, आपले बिऱ्हाड भिलाईच्या एखाद्या सेक्टरात असो की पुण्याच्या पेठेत, घरातील मुलगा सुटीच्या दिवशी संगणकापुढे बसून लढाऊ विमान उडवीत असेल, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी विमानाचे नाव विचारा. ते मिग-२१ असण्याचा बराच संभव आहे. आणि तसे असेल, तर भिलाईकरांशी त्याचे जुने नाते आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सहकार्याला १९६२ मध्ये दुसरी शाखा फुटली. मिग-२१ विमाने घ्यावयाची आणि ती येथेच बांधावयाची, असे ठरले. सांगाडा नाशिकजवळ ओझर येथे, एंजिन ओरिसातील कोरापुट येथे, तर इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी कामाची वाटणी झाली. ओझरला बांधलेल्या प्रकारांपैकी ‘मिग-२१ बिस’ हाच २०१४ साली ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या हवाई युद्धाच्या खेळात अवतरला.

विमानाचे हुबेहूब चित्र काढणे हे यातले सोपे काम. कठीण काम विमानाचा स्वभाव उतरविण्याचे. मिग-२१ चे पंख त्रिकोणी आणि आखूड. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्यासाठी ते तसे केलेले. पण हेच पंख मंद वेगाला नाखूष असतात. धावपट्टीकडे येताना वेग कमी झाला की नाक वर उचलावे लागते. नाक उचलले की हवेचा अडथळा एकदम वाढतो, आणि विमान खाली बसू लागते. आता एंजिनाचा जोर वाढवावा म्हणावे, तर त्या काळचे जेट एंजिन हुकूम ऐकून तो पाळीपर्यंत काही सेकंद घेते. जमीन जवळ असताना ते सेकंद फार महाग पडतात. म्हणूनच हे विमान ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने उतरवावे लागे. संगणकाला हे सारे गणिताने शिकविलेले असते. त्यामुळे नवशिक्या खेळाडूचे विमान शत्रूच्या तोफेपेक्षा धावपट्टीच्या अलीकडेच अधिक वेळा पडते.

पडद्यावर एक कळ दाबली की नवे विमान मिळते. खऱ्या वैमानिकाला ती सोय नव्हती. आपले तरुण वैमानिक किरणसारख्या संथ, सौम्य प्रशिक्षण-विमानावरून या तिखट यंत्रावर येत, आणि मधली पायरी अनेक वर्षे नव्हतीच. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्ये प्रगत प्रशिक्षण-विमानाची शिफारस केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती दाखल होऊ लागली २००८ मध्ये. हा विलंब क्षम्य होता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगड येथे मिग-२१ कोसळून निधन झाले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी या विमानाच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. पुढे त्यांनी व स्वतः हवाई दलात वैमानिक असलेले पती अनिल गाडगीळ यांनी पुण्यात संस्था काढली, ती उड्डाणाचे शिक्षण सिम्युलेटरवर देणारी. घरी जे खेळणे वाटते, त्याच जातीचे यंत्र त्या घराने इतरांच्या मुलांसाठी पुढे केले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगड येथे मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ मध्ये त्याचे पहिले पथक तेथेच उभे राहिले होते. आता आपल्याकडे ते उडते केवळ पडद्यावर. तेव्हा मुलाने आज किती विमाने पाडली, हे विचारू नका. चाके टेकली तेव्हा वेगाचा काटा कोठे होता, ते विचारा, आणि एकदा त्याच्या शेजारी बसून ते उतरणे स्वतः पाहा.