बारा रुपयांचा मास्तर

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सांगितले, की खेड्यातल्या मास्तराचा पगार महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसावा. मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक मागणी केली: शाळेची तपासणी वर्षातून एकदा उरकू नका, वारंवार करा, न कळवता करा. पोटापुरते द्या आणि काम चोख मागा. जोतीरावांचे आम्ही पुतळे उभारले. त्यांचे ऐकले मात्र नाही.

महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक जन्माला घातला. डी.एड. झालेल्या तरुणाला तीन वर्षे महिना तीन हजार रुपये मानधन! पुढे त्याचे सहा हजार झाले, आणि सोळा हजार व्हायला २०२३ उजाडले. 'कायम विनाअनुदानित' शाळांतल्यांना तेवढेही नव्हते. त्यांतला 'कायम' शब्द २००९ मध्ये गळला, वीस टक्क्यांचे पहिले अनुदान २०१६ मध्ये आले. तोवर कित्येकजण दिवसा नफा-तोटा शिकवून सुट्टीत दुसऱ्याच्या रानात रोजंदारीला जात होते. गावाला हे दिसत होते. गाव गप्प राहिले.

सरकारला शिव्या घालून आपण सुटत नाही. संस्थेत चिकटायला किती लाख मोजावे लागतात, हे कुठल्या बापाला ठाऊक नाही? जमीन विकून देणारा आपलाच, आणि घेणाऱ्याला 'शिक्षणमहर्षी' म्हणून हार घालणारेही आपणच. सोयरीक जुळवताना 'परमनंट आहे का' एवढेच विचारतो. मुलगा शिकवतो कसा, हे कुणी विचारले आहे?

पगार वाढला की शिकवणे आपोआप सुधारते, असे मी म्हणत नाही. इंडोनेशियात प्रमाणपत्रधारक शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले, तरी मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. २००३ मध्ये भारतभरच्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी दिल्या, तेव्हा चारांतला एक शिक्षक जागेवर नव्हता. जास्त पगाराचे शिक्षक अधिक हजर असतात असेही आढळले नाही. जिथे तपासणी होत होती, शाळेत सोयी होत्या, तिथे हजेरी बरी होती. हे निष्कर्ष मला मान्य आहेत. पण त्यांतून 'मग कमीच द्या' एवढेच उचलणे ही शुद्ध लबाडी आहे. तपासायचे तर वर्गात मागच्या बाकावर बसावे लागते. आपण कागद तपासतो. मास्तराला मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरवतो, आणि पाचवीच्या पोराला दुसरीचे पुस्तक वाचता आले नाही की बोट त्याच्याकडेच दाखवतो.

जोतीरावांनी मागितलेली ती नजर आज कायद्याने पालकांच्याच हाती आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीची वही मात्र भर वर्गातून उठवलेले एखादे पोर घरी घेऊन येते, आणि आपण उंबऱ्यात उभ्याउभ्याच सही करतो.