पोरांच्या हाताला ग्रीस लागू द्या

‘अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये पाने उचलशील.’ महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत हे वाक्य पिढ्यानपिढ्या बोललं जातं. आपल्या मुलांचं जेवढं नुकसान या वाक्याने केलं, तेवढं मोबाइलनेही केलेलं नाही. पाना धरणारा माणूस हलका, हे पोराच्या मनावर कोरलं जातं. आणि हाताने काम करणं ही नापास होण्याची शिक्षा आहे, हेही. आषाढात हीच घरं गोरा कुंभाराचे, सावता माळ्याचे, नरहरी सोनाराचे अभंग हात जोडून ऐकतात. मडकी घडवणारा, मळा पिकवणारा माणूस संत म्हणून चालतो. आपलं पोर मात्र कुठल्याही हत्याराच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहता कामा नये. हा ढोंगीपणा आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कार्नो इंजिनच्या कार्यक्षमतेचं सूत्र झोपेतून उठवलं तरी सांगतील अशी मुलं दर वर्षी माझ्या वर्गात असतात. त्यातल्या बहुतेकांनी खरं इंजिन उघडलेलं कधी पाहिलेलं नसतं. बारावीला भौतिकशास्त्राचे सत्तर गुण लेखीचे आणि तीस प्रात्यक्षिकाचे. या तीस गुणांचं काय झालंय, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्लासवाल्यांशी ‘टाय-अप’ केलेल्या कॉलेजांत मुलं नावापुरती असतात, प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जातात, गुण मात्र भरभरून पडतात. प्रयोगशाळेतले गॅल्व्हानोमीटर धूळ खात पडतात आणि पालक खूश असतात, कारण प्रवेश परीक्षेत गॅल्व्हानोमीटर हाताळायचा नसतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासेसनी घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये काढली. माझ्या गावात आठवीपासूनच्या ‘फाउंडेशन’ बॅचचे फलक आजही चौकाचौकांत लटकताहेत.

आमच्या घरामागे सासऱ्यांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी होती. ती भंगारात घालायची, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी, आम्ही ती उभी करायला घेतली. त्यावर काय काय ऐकावं लागलं! ‘वहिनी, दहावीचं वर्ष आहे, हे काय खूळ काढलंत?’ ‘मुलीच्या जातीला हे शोभतं का?’ ‘एखाद्या मेकॅनिकला देऊन टाका ना, पैशांची काही कमी आहे का?’ पोरीला यातून काय मिळेल, हे एकानेही विचारलं नाही. आपण कुठे पोचलो आहोत, हे कळायला एवढं पुरे.

काय मिळालं ते सांगते. पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि त्यातले पॉइंट. हे पॉइंट जेमतेम अर्धा मिलिमीटर उघडायला हवेत. इंजिन हाताने फिरवत कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटखाली आणायचा, फटीत फिलर गेजची पाती सरकवायची आणि स्क्रू आवळायचा. आवळताना फट सरकते. पुन्हा ढिला करायचा, पुन्हा मोजायचं, पुन्हा आवळायचा. पाती अडकता कामा नये आणि मोकळी सुटताही कामा नये. हे किती, ते बोटालाच कळतं. मग कॉइल. बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह पॉइंट उघडताक्षणी तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं, दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात आणि प्लगवर ठिणगी उडते. फॅरेडेचा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आहे. माझ्या मुलीने तो प्लगच्या टोकावर निळा उडताना पाहिला, आणि मग आपणहून विचारलं, ‘आई, कंडेन्सर काढला तर पॉइंट जळतील ना?’ असा प्रश्न माझ्या वर्गात एकाही टॉपरने विचारलेला नाही.

नाना पेठेतल्या एका जुन्या उस्तादांनी आम्हाला हात धरून शिकवलं. गंजलेल्या बोल्टवर मुलगी सगळं वजन टाकायला लागली की ते म्हणत, ‘जोर नको बेटा, आटे जातील. डिझेल टाक, रात्रभर मुरू दे.’ दुसऱ्या दिवशी तोच बोल्ट मुकाट्याने फिरायचा. संयम हा मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवायचा विषय नाही. घाई केली की बोल्ट तुटतो आणि मग तो ड्रिलने कोरून काढत बसावं लागतं. लोखंड कुणाची भीड ठेवत नाही. त्याला बापाची ओळख चालत नाही, ट्यूशन चालत नाही, ग्रेस मार्क तर नाहीतच. गाडी चालू होते किंवा होत नाही. ज्या वयात मुलांना सगळेच मोठे खोटं बोलतात असं वाटत असतं, त्या वयात असा प्रामाणिक परीक्षक भेटणं ही फार मोठी गोष्ट आहे.

उस्तादांच्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारा पोऱ्या माझ्या मुलीच्याच वयाचा. सातवीत शाळा सुटलेली. आवाजावरून तो टॅपेट ओळखतो, पण पावती लिहिताना अडखळतो. आणि माझ्या सोसायटीतली मुलं पानभर निबंध लिहितात, पण पंक्चर झालेलं चाक बदलता न आल्याने महामार्गावर फोन लावत बसतात. एकाच वयाची ही दोन मुलं. एकाच्या हातून आपण पुस्तक काढून घेतलं, दुसऱ्याच्या हातून हत्यार, आणि या दरोड्याला शिक्षणव्यवस्था हे नाव दिलं. याच्या मुळाशी जात आहे. कोणी हात काळे करायचे आणि कोणी स्वच्छ ठेवायचे, हे आपल्या समाजाने हजारो वर्षं जन्मावरून ठरवलं. शहरात आलो, फ्लॅट घेतले, तरी ती वाटणी तशीच ठेवली. गॅरेजवाल्याला अरेतुरे करणारे पालक मी रोज पाहते, आणि मागच्या सीटवर बसलेलं पोर तेच शिकतं.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अख्ख्या राज्याला गहिवरून आलं. फोटो काढले, लेख लिहिले, आठवणींना पूर आला. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात हजारो कामगार राबले. त्या टॅक्सी ज्यांनी तारेने, गॅसकेटने आणि अकलेने धावत्या ठेवल्या, त्या मिस्त्रींबद्दल या उमाळ्यात अवाक्षर नव्हतं. गाडीवर प्रेम आहे म्हणता, मग ती दुरुस्त करणाऱ्या हातांचा तिटकारा का?

आता नवी फॅशन आली आहे. ऐपतदार बाप जुनी फियाट किंवा जीप घेतो, लाखो रुपये मोजून एखाद्या वर्कशॉपकडून चकाचक करून घेतो आणि शेवटच्या दिवशी पोराच्या हातात पाना देऊन फोटो टाकतो, ‘बापलेकाने मिळून घडवली.’ हे पोराला दिलेलं खोटेपणाचं शिक्षण आहे. पोराला कळतं की आपण काही केलेलं नाही. श्रेय विकत मिळतं, हेही त्याला त्याच दिवशी कळतं.

त्याहून भयंकर म्हणजे पाना न देता किल्ली देणं. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात आलिशान गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले आणि गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप ठेवला गेला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. पण अल्पवयीनांच्या हाती गाड्या देणारे आईबाप प्रत्येक गल्लीत आहेत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्याने त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आमच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. माझ्या मुलीने ते उघडले, व्हील सिलिंडरचे फुगलेले रबर बदलले, पाइपातली हवा काढली. एवढंसं रबर फाटलं तर पायाखालचं पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. गाडी चालवायला तिला अजून तीन वर्षं आहेत. ती चालवील तेव्हा आपल्या हाताखाली काय आहे हे तिला माहीत असेल.

आक्षेप मला पाठ आहेत. जुनी गाडी धूर सोडते. सोडते, आमच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, म्हणून ती रोज वापरायची नाही, कार्बोरेटर नीट लावायचा आणि आरटीओच्या तपासणीत रीतसर पास करून घ्यायची. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजारांवर नेलं, तेही भरायचं. गाडी परवडत नाही? मग स्कूटर घ्या, सायकल घ्या, आजीचं शिवणयंत्र घ्या. वेळ नाही? क्लासच्या बसमध्ये जाणारे तास मोजा.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची मांडणी केली. १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे शाळा सुटलेली मुलं वेल्डिंग, वीजजोडणी, शेती करता करता विज्ञान शिकू लागली. शाळांसाठीचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तिथूनच पुढे आला. रस्ता आपल्याच मातीत आखलेला आहे. आपण त्यावर गरिबांची मुलं पाठवली आणि स्वतःच्या मुलांसाठी कोटाची तिकिटं काढली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकण्यासाठी सुचवले. त्या दहा दिवसांत आपलं मूल खरोखर सुताराकडे गेलं का, की शाळेच्या सभागृहात कागदी फुलं करून आलं, हे पालकसभेत उठून विचारा. गुणांबद्दल भांडायला मागेपुढे पाहत नाही, तसंच याबद्दलही भांडा.

आईबापांनो, घरात बंद पडलेलं जे काही असेल ते या रविवारी बाहेर काढा. पाना पोराच्या हातात द्या, मुलगी असेल तर तिच्या हातात आधी द्या, आणि तुम्ही टॉर्च धरा. चुकेल तेव्हा हिसकावून घेऊ नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली आधार लावल्याशिवाय जाऊ देऊ नका, बाकी हात काळे होऊ द्या. ज्या मिस्त्रीकडून शिकाल त्याला पोराने ‘सर’ म्हणावं आणि शिकवणीचे पैसे तुम्ही क्लासवाल्याला देता तितक्याच मुकाट्याने द्यावेत. एवढंही जमत नसेल, तर पोराला शिकवलं असं म्हणू नका. तुम्ही फक्त त्याची फी भरली आहे.