उस्ताद आपले, रियाज मात्र दुसऱ्याच्या घरात

डिसेंबर लागला की आवडत्या अल्बमच्या याद्या सुरू होतात. हल्ली तर ऐकण्याचं ॲपच वर्षभराचा हिशोब काढून हातात देतं: किती मिनिटं ऐकलंत, कुणाला सर्वांत जास्त ऐकलंत. माझ्या ओळखीतली बरीच मुस्लिम मुलं-मुली हा हिशोब बघतात आणि गपचूप बंद करतात. स्टेटसला ठेवत नाहीत. मामूंचा नंबर त्याच फोनमध्ये असतो, मोहल्ल्याचा ग्रुपही त्यातच असतो, आणि त्या ग्रुपवर दर जुम्म्याला 'म्युझिक हराम है'चा एखादा व्हिडिओ येतोच.

१५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद झाकीर हुसैन गेले. तेव्हा याच ग्रुपवर त्यांचे फोटो आले. माहीमचं पोर, आपला माणूस, त्याच वर्षी फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी जिंकणारा भारतीय, असा अभिमान ओसंडून वाहत होता. तो खराच होता, माझाही होता. पण उद्या याच ग्रुपमधल्या एखाद्या घरात मुलगी म्हणाली, "अम्मी, मला तबल्याचा क्लास लावायचाय", तर काय उत्तर मिळेल हे आपल्याला पक्कं माहीत आहे. उस्ताद आपले, रियाज मात्र दुसऱ्याच्या घरात. माझं भांडण या दुटप्पीपणाशी आहे.

म्हणून माझी २०२४ ची यादी मी इथे उघडपणे देतो. कोड लिहिताना दिवसाचे सहा-सात तास माझ्या कानाला हेडफोन असतो, त्यामुळे ऐकणं भरपूर झालं. त्यातले चार अल्बम सांगतो.

पहिला, नुसरत फतेह अली खान यांचा 'चेन ऑफ लाइट'. नुसरतसाहेब १९९७ मध्ये गेले, मग २०२४ मध्ये नवा अल्बम कसा? १९९० साली इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत त्यांनी चार कव्वाल्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या टेप कंपनीच्या भांडारात पडून राहिल्या. २०२१ मध्ये त्या सापडल्या आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बाहेर आल्या. सुरुवात 'या अल्लाह या रहमान'ने होते. एक कव्वाली फारसीत आहे, एक पंजाबी नात आहे. चाळीसेक मिनिटांत अल्लाहचं नाव, रसूलची आठवण आणि पीरांची पुकार हे सगळं हार्मोनियम, तबला आणि टाळ्यांवर चालतं. याला इबादत म्हणायचं की गुनाह, हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकून ठरवा. आणखी एक गोष्ट आपल्या घरांना ओळखीची वाटेल: नुसरतचे वडील स्वतः नावाजलेले कव्वाल होते, तरी मुलाने डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटत होतं. 'गाऊन पोट भरतं का?' हा प्रश्न कव्वालाच्या घरातही होता.

दुसरा, अरूज आफताब यांचा 'नाइट रेन'. लाहोरची ही गायिका, आता न्यूयॉर्कला असते. अमेरिकेत जाऊन तिने ध्वनिमुद्रणाचं तंत्र आणि जॅझ यांचं रीतसर शिक्षण घेतलं. तिच्या आवाजात घाई नाही. मागे हार्प, बास आणि गिटार इतक्या कमी जागेत वाजतात की दोन सुरांमधली शांतताही ऐकू येते. या अल्बममधल्या 'ना गुल'चे शब्द माह लका बाई चंदा हिचे आहेत. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हैदराबादच्या निजामाच्या दरबारातली ही गायिका आणि कवयित्री. उर्दूत स्वतःचा दिवान तयार करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक. चरित्रकार तिचा जन्म १७६८ मध्ये आपल्या औरंगाबादचा सांगतात. १८२४ मध्ये ती वारली, म्हणजे २०२४ मध्ये बरोबर दोनशे वर्षं झाली. मराठवाड्यातल्या उर्दू शाळांत तिचा एक शेर तरी शिकवला जातो का, विचारून बघा. तिचे शब्द आपल्यापर्यंत यायला लाहोरच्या मुलीला ब्रुकलिनमध्ये गावं लागलं. "ती तर पाकिस्तानी" म्हणून अरूजला बाजूला सारणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं की तिने गायलेला वारसा दख्खनचा आहे.

तिसरा, नायजर देशातल्या एमदू मोक्तारचा 'फ्युनरल फॉर जस्टिस'. हा तुआरेग समाजाचा, सहाराच्या वाळवंटातला मुस्लिम तरुण. घरचं वातावरण धार्मिक, इलेक्ट्रिक गिटारला विरोध. त्याने स्वतःच गिटार बनवली आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या. त्याची सुरुवातीची गाणी कोणत्याही कंपनीने विकली नाहीत. ती पश्चिम आफ्रिकेत मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून या फोनमधून त्या फोनमध्ये पसरत गेली. इंजिनिअर म्हणून सांगतो, इतकं मजबूत नेटवर्क मी फार कमी पाहिलंय. या अल्बममध्ये तो फ्रान्सला थेट जाब विचारतो. नायजरच्या जमिनीतलं युरेनियम दशकानुदशकं फ्रान्सच्या कामी आलं आणि तिथला माणूस गरीबच राहिला, हा त्यामागचा राग आहे. 'इमुहार' या गाण्यात तो आपल्या लोकांना आपली तमाशेक भाषा जपायला सांगतो. घरात मराठी आणि दखनी बोलणाऱ्या, पण 'मराठी आपली कशी?' असं दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्या आपल्या पोरांना हे गाणं भाषा न कळताही कळेल.

चौथा, 'अमर सिंह चमकीला' या चित्रपटाचा अल्बम. संगीत ए. आर. रहमान यांचं, शब्द इर्शाद कामिल यांचे, दिग्दर्शन इम्तियाज अली यांचं. तिघांनी मिळून पंजाबच्या एका दलित शीख गायकाची गोष्ट सांगितली. चमकीला द्विअर्थी गाणी गायचा. त्याच्या गाण्यांवर मलाही आक्षेप आहेत, आणि चित्रपटही ते आक्षेप लपवत नाही. पण धर्म आणि संस्कृतीच्या रखवालदारांकडून त्याला धमक्या येत राहिल्या. ८ मार्च १९८८ ला त्याला आणि त्याची पत्नी-गायिका अमरजोत हिला गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्यांना कधीच शिक्षा झाली नाही. गाणं बंद करू पाहणारे फक्त आपल्यातच असतात असा समज असेल, तर तो या अल्बमने दूर होईल. गाणं आवडत नाही हा एक मुद्दा, गाणाऱ्याला गप्प करायचं हा अगदी वेगळा मुद्दा.

आता दीनाचा मुद्दा. तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. चारही मजहबांतल्या बहुतेक जुन्या फकिहांनी वाद्यांना मनाई केली, हे खरं आहे. पण मतभेद होता हेही तितकंच खरं आहे. अंदालुसियाच्या इब्न हज्म यांनी मनाईसाठी दिल्या जाणाऱ्या हदिसा कमजोर ठरवल्या. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि शर्ती घालून ते जायज मानलं. बुखारीत ईदच्या दिवसाची हदीस आहे: हजरत आयशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र रागावले आणि पैगंबरांनी त्यांना राहू द्या म्हटलं. मी आलिम नाही, फतवा देत नाही. माझं म्हणणं एवढंच की हजार वर्षं ज्यावर मोठमोठ्या इमामांत मतभेद राहिला, तो प्रश्न एका मिनिटाच्या रीलने निकाली काढून कुणाच्या मुलीचा क्लास बंद करू नका. आणि ज्यांना मनापासून वाद्यं नको वाटतात, त्यांच्या ऐकण्या-न ऐकण्यालाही कुणी हसू नये. पण मग निकाहच्या वरातीत आणि संदलमध्ये कान फाटेपर्यंत डीजे वाजतो तेव्हा ही मंडळी कुठे असतात, हेही त्यांनी सांगावं. डीजे चालतो आणि हार्मोनियम चालत नाही, हा कुठला मसला?

महाराष्ट्रातल्या मुसलमानांना तर यासाठी लांब जायची गरजच नाही. मिरजेत आजही तंबोरे आणि सतारी बनतात. बनवणारी घराणी मुस्लिम, मूळची शिकलगार. हत्यारांना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, कसब यांचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गाण्याची मैफल होते. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. देशभरातले गवई ज्या तंबोऱ्यावर सूर लावतात तो आपल्या कारागिरांनी जोडलेला असतो. तो मांडीवर घेऊन बसणारी मुलं मात्र आपल्या मोहल्ल्यांत शोधावी लागतात.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, तुमची यादी लपवू नका. चार अल्बम लिहा, का आवडले ते मराठीत, उर्दूत, जमेल त्या भाषेत लिहा आणि स्टेटसला ठेवा. मामू विचारतील. विचारू द्या, बोलणं तरी सुरू होईल. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. आपल्यापैकी जे कमावते झालोत, त्यांनी नात्यातल्या, शेजारच्या एका तरी मुलाची किंवा मुलीची वर्षभराची गाण्याची, तबल्याची फी भरावी आणि तिच्या अब्बांशी बोलायची जबाबदारीही घ्यावी. फी सोपी आहे, अब्बांशी बोलणं अवघड. पण झाकीरभाईंच्या फोटोखाली 'आपला माणूस' असं लिहिलं असेल, तर तेवढं देणं लागतो.